मोकळीक एकेकाची, बांधीलकी सगळ्यांची

कॅनडातल्या वॉटर्लूच्या ‘रिसर्च इन मोशन’ या कंपनीने १९९९ साली खिशात मावणारं ईमेलचं यंत्र बाजारात आणलं : ब्लॅकबेरी. तोवर ईमेल बघायची तर बहुतेकांना संगणकासमोर बसावं लागे. इथे ती आपणहून हातात येऊन पडे; कोपऱ्यातला तांबडा दिवा लुकलुकला की दोन्ही अंगठ्यांनी बारक्या कळा दाबायच्या आणि उभ्या उभ्या उत्तर धाडून मोकळं व्हायचं.

वकील, बँकर आणि व्यवस्थापन सल्लागार यांनी ते डोक्यावर घेतलं, आणि त्यात काही चूक नव्हतं. अशिलाच्या एका होकारासाठी रात्री नऊपर्यंत ऑफिसात ताटकळणारा माणूस आता मुलीच्या गॅदरिंगला जाऊन बसू शकत होता. ही मोकळीक खरी होती. पुढे जे बिघडलं, ते ती खरी होती म्हणूनच.

मजकुराखाली आपोआप एक ओळ उमटायची : ‘माझ्या ब्लॅकबेरीवरून पाठवलं’. तुटक वाक्यं आणि स्पेलिंगच्या चुका तिच्यामुळे खपून जात. पण तीच ओळ आणखी एक गोष्ट सांगे : साहेब बाहेर आहेत, तरी कामावर आहेत. शुक्रवारी रात्री साडेदहाला एकाने असं उत्तर दिलं, की ‘सीसी’त नाव असलेल्या बाकीच्यांचं गप्प राहणंही नजरेत भरू लागे. उत्तर द्याच, असं कुणी फर्मावलेलं नसे. तरी सोमवारपर्यंत थांबणारा माणूस आळशी ठरायचा.

मॅझमेनियन, ऑर्लिकोव्स्की आणि येट्स या अभ्यासकांनी अशाच व्यावसायिकांशी बोलून २०१३ साली नेमकी ही विसंगती मांडली. जो तो सांगे, यंत्रामुळे माझ्या कामावर माझा ताबा वाढला. आणि सगळे मिळून मात्र कामापासून सुटण्याची सोय घालवून बसले होते. आपल्या सोयीने दिलेलं प्रत्येक उत्तर दुसऱ्यासाठी अपेक्षा होऊन बसत होतं.

म्हणूनच याला व्यसन म्हणणं मला अपुरं वाटतं. ‘क्रॅकबेरी’ म्हणून थट्टा झाली, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा असे सल्लेही निघाले. पण एकट्याने फोन ठेवला तर टीममध्ये तोच उघडा पडतो. निश्चयाने सुटेल असं हे प्रकरण नाही. इथे सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. हार्वर्डच्या लेस्ली पर्लो यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये तेच करून पाहिलं. प्रत्येकाला आठवड्यातली एक संध्याकाळ आधीच ठरवून मोकळी द्यायची आणि ती पाळण्याची जबाबदारी अख्ख्या टीमची. सल्लागारांनी आधी कुरकुर केली, पण पुढे कामाचं समाधान वाढलं आणि कामही अडलं नाही. जर्मनीत फोक्सवॅगनने २०११ साली कामगार प्रतिनिधींशी करार केला आणि काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने ईमेल येणंच बंद केलं.

कायदेही आले. फ्रान्समध्ये २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा विषय कर्मचाऱ्यांशी होणाऱ्या वाटाघाटीत घ्यावाच लागतो. ब्लॅकबेरीची जन्मभूमी असलेल्या ओंटारिओ प्रांताने २०२१ साली पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना याबाबत लेखी धोरण सक्तीचं केलं. त्या धोरणात काय असावं हे मात्र त्यांच्यावरच सोडलं. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. शिवाय हिंजवडीतल्या इंजिनिअरची संध्याकाळ ही अमेरिकेतल्या क्लायंटची सकाळ. तिथे ‘कामाची वेळ संपली’ म्हणायचं तरी कुठल्या घड्याळाने?

२०२२च्या जानेवारीत जुन्या ब्लॅकबेरींची सेवा बंद झाली. तिने लावलेली सवय व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांमध्ये सुखाने नांदते आहे. ती मोडायची सुरुवात उत्तर देणाऱ्याकडून होणार नाही, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडेच जास्त असतं. रात्री मेल धाडणाऱ्या वरिष्ठाने पहिल्याच ओळीत ‘सोमवारी बघितलंत तरी चालेल’ एवढं लिहावं, आणि रविवारी आलेल्या उत्तराचं कौतुक करू नये. यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे.