बोट दाबण्याआधीचा फोटो

फोटोच्या दर्जाचा मुद्दा पहिल्या पाच मिनिटांतच निकालात निघाला. निकॉनच्या डी ८५० या डीएसएलआरमध्ये ४५.७ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि झेड ७ या मिररलेसमध्येही तेवढाच. दोन्हींतले फोटो शेजारी ठेवले, तर अल्बम चाळणाऱ्या कुणालाही कुठला कशातून निघाला ते सांगता येणार नाही. भाचीनं हे सांगितलं, मामांनी मान्य केलं. मामांच्या कराडच्या स्टुडिओत आषाढातली अख्खी दुपार ज्यावर गेली, तो प्रश्न वेगळा होता. कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकला, तर फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला काय उरतं?

वेळ बरोबर होती. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, तुळशीच्या लग्नापर्यंत स्टुडिओ थंड असतो. पावसाळी हवेनं लेन्सला बुरशी धरते म्हणून मामा या दिवसांत एकेक लेन्स काढून उजेडात तपासतात. त्यांचा कॅमेरा डी ७५०, २०१४ मध्ये आलेला. भाची सीझनला दुसऱ्या कॅमेऱ्यावर त्यांच्यासोबत असते आणि थंडीत सवड मिळाली की भिगवणला पक्ष्यांमागं. तिला २०२४ मध्ये आलेला झेड ६ थ्री हवा होता, पण मामांसकट. स्टुडिओत दोन वेगळ्या जातीचे कॅमेरे ठेवणं परवडणारं नव्हतं.

"कशासाठी बदलायचं, ते आधी सांग," मामा म्हणाले. "हलका होतो, असं मात्र सांगू नकोस."

ते तिनं सांगितलं नाही, कारण आकडे तिला पाठ होते. बॅटरी आणि कार्डासह डी ७५० भरतो ८४० ग्रॅम, झेड ६ थ्री ७६० ग्रॅम. फरक ८० ग्रॅमचा. जुनी लेन्स लावायला मध्ये जो अडॅप्टर लागतो, त्याचंच वजन सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जुन्या लेन्ससह नवा कॅमेरा जडच भरणार.

"मला क्षण बघायचाय," ती म्हणाली. "आत्ता तो दिसतच नाही."

हे खरं आहे आणि ज्यांनी आयुष्यभर डीएसएलआर वापरला त्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. लेन्समधून आलेला उजेड पंचेचाळीस अंशांत कललेल्या आरशावर पडतो, तिथून वर लोलकात जातो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं, उजेड सेन्सरवर पडतो. तेवढा वेळ डोळ्यापुढं अंधार. जो क्षण फोटोत आला, नेमका तोच फोटो काढणाऱ्यानं पाहिलेला नसतो.

"अंतरपाट खाली येतो तेव्हा माझ्यापुढं काळोखच असतो," मामा म्हणाले. "म्हणून मला तो क्षण आधी ओळखावा लागतो. भटजी घड्याळाकडं बघतात, मग कापडाच्या कडेवरची त्यांची बोटं आवळतात. वाजंत्रीवाला सनई तोंडाशी नेतो. ते दिसलं की मी श्वास धरतो."

"आणि त्याचा तुम्हाला अभिमान आहे."

"अभिमान कसला? ती माझी मजुरी आहे. लोक मला त्याचेच पैसे देतात."

भाचीकडं उत्तर तयार होतं. सोनीचा ए ९ हा कॅमेरा २०१७ मध्ये आला तेव्हाच सेकंदाला वीस फोटो काढतानाही डोळ्यापुढचं दृश्य तुटत नव्हतं. आता तर हे बऱ्याच मिररलेसमध्ये आहे. फोटो निघत असतो आणि बघणं चालू राहतं.

"तू बघतेस ते चित्र," मामा म्हणाले. "तेही किंचित उशिरानं आलेलं."

"आरशातलं तरी कुठं प्रत्यक्ष असतं?"

"आरसा काही ठरवत नाही गं. तुझ्या डोळ्याशी जो बारका पडदा आहे, तो ठरवतो. हळद किती पिवळी, शालू किती उजळ. मला आधी मंडप दिसतो, मग मी फोटो ठरवतो. तुला थेट ठरलेला फोटोच दिसतो."

मामांचं हे वाक्य सहज सोडून देण्यासारखं नाही. मिररलेसच्या बाजूनं जो फायदा म्हणून सांगितला जातो तो नेमका हाच: एक्स्पोजर चुकतंय की नाही ते बटण दाबण्याआधीच कळतं. शिकणाऱ्याला हे वरदान आहे. पण डोळ्यासमोरचा उजेड वाचायचा आणि त्याचं चित्र मनात करायचं, ही दोन कामं ज्याला सवयीनं जमतात, त्याच्याकडून पडदा त्यातलं एक काढून घेतो. वापर थांबला की ती सवय टिकेल याची खात्री देता येत नाही. भाचीनं यावर वाद घातला नाही, आणि ते बरोबरच केलं.

ती पुढच्या मुद्द्यावर गेली आणि तिथंच दोघं अडकले.

झेड ६ थ्रीमध्ये एक सोय आहे. शटरचं बटण अर्धं दाबून धरलं की कॅमेरा आतल्या आत फोटो घेत आणि पुसत राहतो. बटण पूर्ण दाबलं की त्याआधीच्या एका सेकंदापर्यंतचे फोटोही तो जपून ठेवतो. रॉ मिळत नाही, फक्त जेपेग, पण मिळतात. भिगवणच्या काठावर भाचीला त्याचा मोह का पडला, हे समजण्यासारखं आहे. काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. खंड्यानं फांदी सोडली हे कळून बटण दाबेपर्यंत चौकटीत नुसती फांदी उरते.

"खंड्या उडण्याआधी डोकं खालीवर करतो, हे तूच मला सांगितलंस," मामा म्हणाले. "हे तुला कसं कळलं? फोटो हुकले म्हणून कळलं. आता हुकणारच नाहीत."

"डोकं तो दहादा हलवतो आणि एकदाच उडतो, मामा."

"बरं. पण बोट दाबायच्या आधीच फोटो निघाला असेल, तर तो काढला कोणी?"

"मीच. फांदी मी निवडली. उजेड कुठून येणार ते बघून नाव कुठं थांबवायची, ते नावाड्याला मी सांगितलं."

"ते सगळं फोटोच्या आधीचं. फोटो कधी काढलास?"

मग भाचीनं फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँला मध्ये आणलं, कारण मामांच्या स्टुडिओत त्यांच्या एका फोटोचं कात्रण लावलेलं आहे. १९३२ सालचा पॅरिसमधला, सेंट लाझार स्टेशनामागचा फोटो: साचलेल्या पाण्यावरून उडी घेतलेला, टाच अजून पाण्याला न टेकलेला माणूस. निर्णायक क्षण म्हटलं की जग हाच फोटो दाखवतं. आणि कार्तिए-ब्रेसाँनी स्वतःच पुढं सांगितलं होतं की कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीत त्यांनी लेन्स घातली होती, डोळ्याला काही दिसत नव्हतं. कडेची फळी फोटोत आली, ती नंतर कापावी लागली.

"न बघता काढलेला फोटो," ती म्हणाली. "आणि तुम्ही तो भिंतीवर लावलाय."

मामांनी थोडा वेळ घेतला. "त्यानं बोट दाबलं ते उडी चालू असताना. उडी संपल्यावर नव्हे."

"मीही बटण अर्धं दाबून बसते ते आधीच."

"अर्धं दाबणं म्हणजे वाट बघणं. पूर्ण दाबणं म्हणजे ठरवणं. तुझ्या कॅमेऱ्यात ठरवण्याच्या आधीचंही जमा होतं. मग तू ठरवलंस कधी?"

"घरी. निवडताना."

"म्हणजे खंड्या उडून गेल्यावर दोन तासांनी तू त्याचा फोटो काढलास."

"हो," भाची म्हणाली. "बिघडलं काय त्यात?"

इथं वाद बराच वेळ रुतून बसला. रोलच्या काळातही छापायचा कुठला हे नंतरच ठरायचं, मोठमोठ्या फोटोग्राफरांच्या कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, हे तिनं सांगितलं. मामांचं म्हणणं, छत्तीस फोटोंतून एक निवडणं आणि चार हजारांतून एक निवडणं हे एकच काम नाही. पहिल्यात आपण काय शोधत होतो ते आठवत असतं. ती म्हणाली, तुम्ही एफएम २ सोडून डिजिटलवर आलात तेव्हा हा विचार कुठं गेला होता? ते म्हणाले, तेव्हा गिऱ्हाइकानं दारात येऊन सीडी मागितली होती, ठरवायला काही नव्हतंच. आज कुणी हात धरून ओढत नाही, म्हणून तर एवढं बोलायला लागतंय.

या टप्प्यावर मामांचं पारडं जड वाटावं असं होतं. मग भाचीनं पक्षी सोडून दिले.

"अंतरपाट खाली आला. तुम्ही ओळखलंत, बरोबर दाबलंत. नेमकी तेव्हा नवरीची पापणी मिटली. आता काय?"

"दुसऱ्या कॅमेऱ्यावर तू असतेसच की."

"माझ्यासमोर करवली आली. आता काय? तिचं लग्न पुन्हा लागणार नाही. तुम्हाला ओळखता येतं हे तुमचं कौशल्य. त्याची किंमत तिनं का मोजायची?"

मामांना याला उत्तर नव्हतं, आणि या लेखकालाही सापडलेलं नाही. आपल्या कसबाचा मान राखायचा म्हणून ज्याच्यासाठी ते कसब कमावलं त्याचं नुकसान होऊ द्यायचं, हे कुठल्याच कारागिराला समर्थनीय ठरवता येणार नाही. वादात तरी हा मुद्दा बिनतोड होता.

मामांनी तो खोडला नाही, दुसराच धरला. "तिचाच विचार करायचा तर आवाजाचं काय?"

मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की कॅमेरा अगदी मुका होतो. शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत, प्रायोगिक नाटकात ही सोय मोलाची आहे. आलाप चालू असताना आरशाचा खटका सभागृहभर ऐकू जातो आणि लोक वळून बघतात. भाचीला ती कन्यादानासाठी हवी होती. वडिलांचा हात थरथरतो, त्या वेळी खटका वाजला की त्यांना आपल्याकडं कुणीतरी बघतंय याची जाणीव होते आणि चेहरा बदलतो.

"बदलू दे," मामा म्हणाले. "त्यांना कळायला पाहिजे. आवाज झाला की माणसाला समजतं, आपला फोटो निघाला. नको असेल तर तो तोंड फिरवतो. आवाजच काढून घेतला तर त्यानं तोंड कधी फिरवायचं?"

जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोबाईलच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, तो याच विचारानं ठेवलेला आहे. भाची एवढंच म्हणाली की लग्नातला फोटोग्राफर सगळ्यांनी बोलावलेला असतो. मामा म्हणाले, बोलावलेला असतो घराच्या मालकानं. कोपऱ्यात बसून रडणाऱ्या मावशीनं नव्हे.

त्यानंतर एकदम काचेचा विषय निघाला, जो खरं तर आधीच निघायला हवा होता.

मामांनी ८५ एमएमची जुनी डी मालिकेतली लेन्स उलटी करून तिच्यापुढं धरली. माउंटच्या धातूच्या कड्यावर एका बाजूला चपट्या खाचेचं बारीक स्क्रूचं डोकं दिसतं. बॉडीच्या कड्यातून तेवढ्याच आकाराचं चपटं टोक बाहेर आलेलं असतं. लेन्स फिरवून बसवली की टोक खाचेत बसतं आणि बॉडीतली मोटर लेन्सचा फोकस फिरवते. अशा लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. डीएसएलआरच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिलिमीटर, मिररलेसच्या झेड माउंटमध्ये १६. मधलं अंतर निकॉनचा अडॅप्टर भरून काढतो, पण त्याच्यात ही मोटर नाही. म्हणून या लेन्स झेड बॉडीवर लागतात, फोटोही काढतात, फक्त ऑटोफोकस होत नाहीत. मामांच्या कपाटात ५०, ८५ आणि ८०-२०० अशा तीन डी लेन्स आहेत. धंदा त्यांच्यावरच उभा राहिला.

"कॅमेऱ्याचा खर्च तू धरलास," ते म्हणाले. "काचांचा कोणी धरायचा?"

बाजारात आला तेव्हा झेड ६ थ्रीच्या नुसत्या बॉडीचीच किंमत दोन लाखांच्या वर होती. त्यावर नव्या लेन्स. शिवाय कंपनीच्या मोजमापानं डी ७५० एका चार्जवर १२३० फोटो काढतो आणि हा चारशेही नाही. सलग भराभर काढले तर दोन्हींत आकडा वाढतो, पण हळदीपासून वरातीपर्यंत खिशात बॅटऱ्या वागवाव्या लागणार हे नक्की.

मामांचा तोडगा होता डी ७८०. जानेवारी २०२० मध्ये आलेला, आरसा असलेला. स्क्रीनवर बघून काढलं तर त्याचा फोकस झेड ६ सारखाच सेन्सरवरून चालतो. डी ७५० त्या वेळी चाचपडतो, व्हिडिओत ते फार जाणवतं. जुन्या लेन्ससाठीची मोटर आहेच. ऐकायला हा मार्ग दोघांनाही धरून होता.

"त्याच साली डी ६ आला आणि त्यानंतर निकॉननं नवा डीएसएलआर आणलेला नाही," भाची म्हणाली. "शटर गेलं तर सुटे भाग आणखी किती वर्षं मिळतील?"

"मला पुरेल एवढी मिळतील."

"आणि मला?"

स्टुडिओ पुढं कुणाचा, हे त्या दोघांमध्ये तोवर कधी बोललं गेलं नव्हतं. मामांनी ८५ ला मागचं झाकण लावलं आणि ती सिलिका जेलच्या डब्यात ठेवली.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तारखेला झेड ६ थ्री अडॅप्टरसकट भाड्यानं आणायचा, एवढं ठरलं. मुहूर्तावर मामा डी ७५० घेऊन नेहमीच्या जागी उभे राहतील, भाची नवा घेऊन समोरच्या बाजूला. आधीचा सेकंद साठवायची सोय चालू ठेवायची की नाही, यावर एकमत झालं नाही; ती म्हणाली ठेवणार, ते म्हणाले मग ते फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाक. मुकं शटर कन्यादानाला चालेल, पंगतीत नाही, इथपर्यंत मामा आले. पुण्याच्या भाडेवाल्याला तिनं तिथूनच फोन लावला, तेव्हा मामांनी मध्येच दोन बॅटऱ्या जादा सांगायला लावल्या. आणि लग्नाच्या हॉलमध्ये स्टेजमागं एलईडीची भिंत आहे, इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत पट्टे येतात का, ते आदल्या दिवशी जाऊन बघून ये म्हणाले.