होकाराचे मोल

एका माणसाच्या दुखण्याचा उपयोग दुसऱ्या माणसाच्या ज्ञानासाठी करावा काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका शांतपणे मांडला जातो, तितका शांत तो रुग्णालयाच्या खाटेजवळ राहत नाही. तेथे तो एका कागदाच्या रूपाने येतो. या रोगावर दोन उपचार आहेत. त्यांतला अधिक चांगला कोणता हे आम्हांस ठाऊक नाही. ते कळावे म्हणून आपण साह्य करावे. आपल्या वाट्याला कोणता उपचार येईल हे आपण ठरवणार नाही आणि आम्हीही ठरवणार नाही, असे त्या कागदावर लिहिलेले असते. खाली सहीसाठी जागा असते. या सहीचे नैतिक मोल काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक रोग आणि एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. रोग गुदमार्गाच्या कर्करोगाचा आणि गाव सांबरा. बेळगावच्या पूर्वेचे हे गाव विमानतळामुळे परगावच्या लोकांनाही नावाने परिचित आहे. या टापूतल्या माणसाचे आयुष्य अनेक भाषांत वाटलेले असते. घरात मराठी, कचेरीत कानडी, बाजारात दोन्ही, बेळगावात भेटणाऱ्या काही सोयऱ्या-स्नेह्यांच्या तोंडी कोकणी, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी. मराठीत जिला लाज म्हणतात, तिला कोकणीत लज आणि कानडीत नाचिके म्हणतात. शब्द तीन असले तरी ती माणसाला गप्प बसवते ते सारख्याच रीतीने.

या रोगाची पहिली अडचण ही लाजच आहे. रक्त पडते, ठणका लागतो, खाज सुटते, हाताला गाठ लागते. पण ही सारी लक्षणे मूळव्याधीचीही असतात आणि मूळव्याध हा शब्द निदान उच्चारता तरी येतो. म्हणून दुखणे त्या नावाखाली लपते. कोणी पाला सुचवतो, कोणी पथ्य सांगतो, कोणी भगंदर म्हणतो. बाई असेल तर नवऱ्यालाही सांगत नाही. पुरुष असेल तर मुलाला सांगत नाही. त्यातच दहांपैकी सुमारे नऊ रुग्णांत या कर्करोगाचे मूळ ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूत असते. तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो असे कळले की लोक रोग्याच्या चारित्र्याची चौकशी सुरू करतात. वस्तुतः हा विषाणू इतका सर्वसामान्य आहे की बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा त्याचा संसर्ग होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसाही होतो. त्यावरून कोणाचे शील ठरवणे हे अज्ञान तर आहेच, पण अन्यायही आहे.

आता या रोगावरील उपचाराचा इतिहास पाहू, कारण आपल्या प्रश्नाचे मर्म त्यात आहे. विसाव्या शतकाचा मोठा काळ यावर एकच खात्रीचा उपाय मानला जाई. लंडनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ साली ज्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले, तिच्या रीतीने गुदद्वार आणि गुदाशय काढून टाकावयाचे आणि पोटावर छिद्र पाडून मलविसर्जनासाठी कायमची पिशवी लावावयाची. जीव वाचे, पण पुढचे सारे आयुष्य त्या पिशवीसह काढावे लागे.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी डॉ. नॉर्मन निग्रो यांनी शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून तिच्या आधी थोडे किरण आणि त्यांच्या जोडीला कर्करोगाची दोन औषधे देऊन पाहिली. पहिले तीन रुग्ण त्यांनी १९७४ साली विद्वानांपुढे ठेवले. त्यांपैकी दोघांची शस्त्रक्रिया झाली आणि काढलेल्या भागात कर्करोगाचा मागमूसही आढळला नाही. तिसऱ्या रुग्णाने शस्त्रक्रिया करून घेण्यास नकार दिला, आणि त्याचा रोग परतला नाही. पुढे जगभर या रोगावर शस्त्रक्रियेऐवजी किरण आणि औषधे हाच प्रथम उपचार ठरला.

त्या तिसऱ्या रुग्णाचे नाव आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. परंतु त्याचा नकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. होकार देणारा रुग्ण ज्ञानाला साह्य करतो आणि नकार देणारा त्याच्या वाटेत आडवा येतो, असे आपण सहज धरून चालतो. येथे त्या दोन छेदित शरीरांनी जे सुचवले, ते या अखंड शरीराने चालून-फिरून दाखवले. तथापि, नकार पुढे शहाणपणाचा ठरला म्हणून तो योग्य होता, असा निष्कर्ष कोणी काढू नये. रोग उलटला असता तरीही तो नकार तितकाच योग्य राहिला असता, कारण शरीर त्याचे होते. नकाराचा अधिकार परिणामावर अवलंबून नसतो.

मात्र तीन रुग्णांवरून शास्त्र उभे राहत नाही. औषधांची जोड खरोखरच आवश्यक आहे की नुसते किरणही पुरेसे आहेत, हे जाणण्यासाठी ब्रिटनमध्ये १९८७ ते १९९४ या काळात ५८५ रुग्ण चाचणीत घेण्यात आले. कोणाला कोणता उपचार द्यावयाचा हे दैवयोगाने ठरवण्यात आले. सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात नुसते किरण मिळालेल्यांपैकी शंभरांत ५९ जणांच्या बाबतीत त्या जागेचा रोग आटोक्यात राहिला नाही. किरणांसह औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ होते. त्रास औषधांनी वाढला, पण लाभ निर्विवाद ठरला. त्यानंतर २००१ ते २००८ मध्ये झालेल्या दुसऱ्या चाचणीत ९४० जण सहभागी झाले. रोग दुर्मीळ असल्यामुळे एवढी माणसे जमवण्यास अनेक रुग्णालये आणि अनेक वर्षे लागतात. म्हणजे ज्या रोगाविषयी लोक बोलत नाहीत, त्याचे ज्ञानही उशिरा होते. लाजेची किंमत एकट्या लाजणाऱ्याला मोजावी लागत नाही.

उपचार दैवयोगाने ठरवणे ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला प्रथम विचित्र वाटेल. जिवाच्या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकावयाच्या? परंतु कौल लावण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. गोमंतकात आणि कोकणात देवाच्या अंगावर पाकळ्या लावून प्रसाद घेतात. उजवी पडते की डावी, हे पाहून लग्नापासून वादापर्यंतचे निर्णय होतात. दोहोंतला भेद मात्र ध्यानात घेतला पाहिजे. कौल लावणाऱ्याची श्रद्धा असते की देवाला उत्तर ठाऊक आहे. चाचणीत चिठ्ठी टाकली जाते ती उत्तर कोणालाच ठाऊक नसते म्हणून. डॉक्टरला ते ठाऊक असेल आणि तरीही तो चिठ्ठी टाकीत असेल, तर ती फसवणूक होय. खरोखरच ठाऊक नसेल, तर चिठ्ठी हीच प्रामाणिकपणाची खूण आहे. कारण तिच्यामुळे डॉक्टरची आवड, रुग्णाची श्रीमंती आणि ओळखीपाळखी यांना निवडीत वाव राहत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो. अखेर ज्यांच्या वाट्याला कमी प्रतीचा उपचार आला, त्यांचे काय? त्यांना साधन म्हणून वापरले गेले नाही काय? हा आक्षेप दूर देशीचा नाही. आपल्या घरचा आहे. वर ज्या विषाणूचा उल्लेख केला त्याच विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. त्याच्या तपासणीची कोणती पद्धत प्राण वाचवते हे पाहण्यासाठी १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. विषाणूची तपासणी ज्या गटात झाली त्यात ३४,१२६ स्त्रिया होत्या आणि त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ मृत्यू झाले. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांनी जगाला मोठे ज्ञान दिले. पण तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांचा प्रश्न त्या ज्ञानाच्या पाठीस लागला, आणि तो लागावयासच हवा होता. त्या काळी खेड्यात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून त्यांचे काही हिरावले गेले नाही, असे एका बाजूने म्हणता येते. दुसऱ्या बाजूने विचारता येते की, दारिद्र्यामुळे आलेली उणीव ही प्रयोगाची सोय म्हणून वापरावी काय?

बेळगाव जिल्ह्यानेही असा एक प्रयोग पाहिला आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉल या तोंडाने घ्यावयाच्या औषधाची चाचणी येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहभागाने २००२ ते २००५ या काळात ग्रामीण भागात झाली. १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषध नसलेली, दिसावयास सारखी गोळी देण्यात आली. रक्तस्रावाचे प्रमाण शंभरांत १२ होते ते ६.४ वर आले. हा शोध २००६ साली प्रसिद्ध झाला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ते औषध आपल्या आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आज ज्या बाळंतिणीचा जीव या गोळीने वाचतो, ती आपल्या ओळखीच्या खेड्यांतल्या बायकांची ऋणी आहे. त्यांपैकी निम्म्यांच्या हाती रिकामी गोळी आली होती. त्यांनी काही मिळवले नाही आणि पुष्कळ दिले. याला आमच्या भाषेत दान म्हणतात. परंतु दान ते, जे देणाऱ्याला आपण देत आहोत हे ठाऊक असते. ठाऊक नसताना काढून घेतलेल्या वस्तूला वेगळे नाव आहे.

म्हणून सारा भार त्या कागदावर आणि त्याच्या आधीच्या संभाषणावर येऊन पडतो. भारताच्या २०१९ च्या औषध-चाचणी नियमांनी सांगितले आहे की माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी, निरक्षर असेल तर निःपक्षपाती साक्षीदार असावा, केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक असावी आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई मिळावी. नियम चांगले आहेत. पण समजा, सांबऱ्याचा एखादा शेतकरी रुग्णालयात गेला आणि त्याच्यापुढे त्याच्या भाषेतला कागद ठेवला. कागद वाचण्यापूर्वीच तो म्हणेल, “तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टरसाहेब.” डॉक्टरला देव मानण्याची ही रीत जितकी हृद्य तितकीच घातक आहे. देवापुढे माणूस होकार देत नाही, शरण जातो. शरणागतीवर चाचणी उभी राहू शकत नाही, कारण चाचणीचा पायाच मुळी ‘मला ठाऊक नाही’ या डॉक्टरच्या कबुलीवर रचलेला आहे. ही कबुली उच्चारून त्याने प्रथम देव्हाऱ्यातून खाली उतरले पाहिजे. मग रोगाचे नाव, जागेचे नाव, पिशवीची शक्यता, संबंधातला त्रास, हे सारे रुग्णाच्या बोलीत, आडवळणे न घेता सांगितले पाहिजे. ज्या अवयवाचे नाव दोघांपैकी कोणीच घेत नाही, त्याच्या उपचाराला खरी संमती कशी मिळणार? संकोच पाळून घेतलेली सही ही अर्धीच सही असते.

कोणी म्हणेल, इतकी काटेकोर संमती मागू लागलो तर चाचण्याच बंद पडतील. त्याला उत्तर असे की, चाचणी नसली म्हणजे प्रयोग थांबतो असे नाही; तो न सांगता चालतो. ज्याला ठाऊक नाही तो वैद्य ठाऊक असल्याचा आव आणून प्रत्येक रोग्यावर काहीतरी करून पाहतच असतो, फक्त त्याची नोंद होत नाही आणि पुढच्या रोग्याला त्यातून काही कळत नाही. संमती घेऊन केलेली चाचणी त्याहून कितीतरी सभ्य आहे. १९६४ साली हेलसिंकी येथे जगातल्या डॉक्टरांनी केलेल्या घोषणेच्या २०२४ च्या आवृत्तीत, ज्यावर प्रयोग होतो त्याला ‘सहभागी’ म्हणावे असे ठरले. शब्द योग्य आहे, परंतु सहभाग म्हटला की फळातही भाग आला.

आणि फळे आता दिसू लागली आहेत. पसरलेल्या गुदमार्ग-कर्करोगावर रेटिफॅनलिमॅब या नव्या औषधाची चाचणी ३०८ रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०२५ साली आले. जुन्या औषधांनी रोग सुमारे ७.४ महिने थोपवला जाई, तो नव्याच्या जोडीने ९.३ महिने थोपवला गेला. लाभ दोन महिन्यांचा. तो लहान आहे हे लपवू नये आणि त्या दोन महिन्यांची किंमत कोणी परक्याने ठरवू नये. या चाचणीत ज्यांना आरंभी नवे औषध मिळाले नव्हते, त्यांचा रोग बळावल्यास त्यांनाही ते देण्याची सोय ठेवलेली होती. पूर्वीच्या आक्षेपांतून शास्त्र काही शिकले, असे यावरून म्हणता येईल. ज्या विषाणूपासून हा रोग उद्भवतो त्याच्यावरील स्वदेशी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ पासून बाजारात आणली आहे. पण औषध निघाले आणि ते सांबऱ्याच्या माणसाला परवडले नाही, तर ज्ञानाचे ऋण फिटले असे म्हणता येणार नाही.

तेव्हा त्या सहीचे मोल कशावर ठरते? नकार देता आला असता काय, यावर. ज्याला नकार देता येत नव्हता त्याच्या होकाराला नैतिक किंमत नाही, मग त्यातून केवढेही ज्ञान निघो. आणि ज्याला नकार देता येत होता, ज्याला आपल्या रोगाचे नाव कळले होते, डॉक्टरलाही उत्तर ठाऊक नाही हे ज्याने ऐकले होते, आणि तरीही न पाहिलेल्या कोणा पुढच्या रोग्यासाठी ज्याने अंगठा उमटवला, त्या माणसाने जे केले त्याला आपल्या संतांच्या भूमीत परोपकार म्हणत आले आहेत. त्या उपकाराला पात्र होण्यासाठी आपण निदान एवढे करावे की आपल्या घरात कोणी लाजून गप्प बसला असेल, तर त्याला आधी बोलू द्यावे.