पाणी ओसरल्यावरची वारी



नदी ही आम्हां वारकऱ्यांची माय. इंद्रायणीचे तीर्थ, वाटेतले नीरेचे स्नान आणि शेवटी चंद्रभागेत बुडी, यांवाचून आषाढीची वाट पुरी होत नाही. पण हीच माय एखाद्या साली घरात शिरते. चूल विझते, कणगीतले धान्य कुजते, दावणीचे जनावर दाव्यासकट बुडते. पूर चढत असताना काय करावे हे कोणास शिकवावे लागत नाही. दोर टाकावा, नाव आणावी, माणूस वर काढावा. आज आम्ही आपल्यापुढे मांडतो तो प्रश्न त्यापुढचा आहे. पाणी ओसरल्यावर काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. ते कसे कळले तेवढे प्रथम सांगतो; त्यात आमचा कमीपणा आहे, पण तो झाकण्यात अर्थ नाही.

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. तिथे कृष्णामाई ५७ फुटांवर गेली. पाणी उतरू लागले तशी आम्ही चार मंडळी भाकरी, चपात्या, घोंगड्या आणि टाळ-मृदंग घेऊन नदीकाठच्या एका गावी गेलो. वाटप झाले. रात्री शाळेच्या पडवीत कीर्तनास उभे राहिलो आणि भरात बोलून गेलो की, बाबांनो, हे प्रारब्ध आहे, ते भोगल्यावाचून सुटका नाही.

समोर एक वृद्ध माळकरीण बसली होती. कीर्तन आटोपल्यावर ती जवळ आली, पाया पडली आणि हळूच म्हणाली, "म्हाराज, प्रारब्ध माझं हाय, कबूल हाय मला. पर आडाच्या पाण्याला वास मारतुया, आन् नातवाला सकाळधरनं ढाळ लागल्यात. त्येला काय करू, तेवढं सांगा की."

सज्जनहो, आम्ही निरुत्तर झालो. वेदान्ताची प्रमाणे मुखोद्गत होती, पण जुलाब झालेल्या लेकराला काय पाजावे हे ठाऊक नव्हते. अखेर गावची आशाताई आली. तिने उकळून निवविलेल्या पाण्यात साखर-मीठ घातले आणि रात्रभर चमच्याचमच्याने त्या मुलाला पाजले. सकाळी ते हसू लागले. त्या रात्रीचे खरे कीर्तन तिने केले, आम्ही नव्हे.

आता कोणी विचारील, मग प्रारब्धाचा सिद्धान्त खोटा काय? तसे आम्ही म्हणत नाही. परंतु तो आपल्या स्वतःच्या दुःखाला लावावयाचा असतो. आपल्याला लावला तर त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखाला लावला की त्याचा धोंडा होतो, आणि आधीच बुडणाऱ्याच्या गळ्यात आपण तो बांधतो.

श्रीतुकोबारायांचे चरित्र पहा. सन १६३०-३१ चा तो भयंकर दुष्काळ. महाराजांचे दिवाळे निघाले, घरची थोरली बाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला. एवढे पोळल्यावर त्यांनी काय केले? घरातली सावकारीची कर्जखते काढली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. कुळांना त्यांनी प्रारब्ध ऐकविले नाही, त्यांच्या गळ्याचा फास सोडविला. आणि शांतिब्रह्म नाथमहाराज? रामेश्वरासाठी आणलेली काशीची कावड त्यांनी तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. त्या गाढवाचे पूर्वकर्म काय, हे त्यांनी विचारले नाही. त्याला पाणी हवे होते, ते दिले.

यास्तव आपणही तेच विचारावे की, याला या घडीला काय हवे? आम्ही पुढे डॉक्टर मंडळींकडून आणि आशाताईंकडून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

पहिले पाणी. पुराचे पाणी उकिरड्यातून, संडासांतून, गोठ्यांतून फिरून आडात उतरते. चार दिवसांनी ते नितळ दिसते, पण नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. त्यातूनच हगवण, पटकी, विषमज्वर, कावीळ पसरते. पटकीचे नाव घेतले की आपल्यातील वडीलधाऱ्यांना जुने दिवस आठवतील, जेव्हा पंढरीच्या यात्रेकरूंना पटकीची लस टोचीत असत. म्हणून पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, किंवा क्लोरीनची गोळी टाकून निदान अर्धा तास थांबून मग प्यावे. आडात ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीकडून मापानेच घालवून घ्यावी. पुरात भिजलेले पीठ, धान्य, औषधे मोह न धरता टाकून द्यावीत.

जुलाब लागलेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा घालून ते घोटघोट पाजत राहावे. चमचा चहाचा, लहान. तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नये. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. हे साधे पाणी काय करते ते ऐका. सन १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या आप्तांकडूनच ते पाजविले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरात होते, ते चारच्याही खाली आले. पाजणारे हात आया-बहिणींचेच होते. तसे हात प्रत्येक दिंडीत आहेत.

दुसरे पाय. वारकऱ्याचे पाय भेगाळलेले, अनवाणी चालण्याचे. पुराच्या चिखलात उंदीर-घुशींचे मूत मिसळलेले असते आणि त्यातले जंतू त्या भेगांतून शरीरात शिरतात. याला लेप्टो म्हणतात. सन २००५ साली २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी उतरल्यावर काही दिवसांनी या तापाने माणसे दगावू लागली. म्हणून गाळ उपसायला उतरताना गमबूट घालावेत, जखम झाकावी, काम झाल्यावर साबणाने पाय धुवावेत. ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगाऱ्यावर दिवस काढू नयेत. आपण पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. फुटक्या मडक्यांत, टायरांत साचलेले पाणी ओतून टाकावे आणि आठवड्यातून एक दिवस सारी भांडी कोरडी करावीत, म्हणजे डेंग्यूचे डास होणार नाहीत.

खराटा हातात धरण्याची लाज कोणास वाटत असेल तर त्याने श्रीगाडगेमहाराजांना स्मरावे. दिवसा गाव झाडावा आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम होता. आम्ही त्या गावी तो क्रम उलटा केला होता, गाव झाडण्याआधी कीर्तन केले. म्हणून फजीत झालो.

तिसरे मन. ही जखम दिसत नाही. ज्याची गुरे वाहून गेली, उभा ऊस कुजला, डोक्यावर कर्ज राहिले, तो घरचा कर्ता माणूस पहिले आठ दिवस धावपळ करतो आणि मग गप्प बसतो. जेवत नाही, झोपत नाही. "आता जगून काय करायचं?" असे बोलून जातो. हे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये. घरात फवारणीचे विषारी औषध असेल तर ते दुसरीकडे हलवावे. उपदेश आवरावा आणि त्याला रडू द्यावे, बोलू द्यावे. डॉक्टरकडे त्याच्यासोबत जावे. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येते. मग संध्याकाळी पारावर भजन लावावे आणि त्याच्या हाती टाळ द्यावा. चार माणसांत बसलेल्याला आपण एकटे नाही हे कळते, आणि तेही मोठे औषध आहे.

म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या वाहून गेलेल्या असतात, त्या विचाराव्यात. गरोदर बायकांची वास्तपुस्त घ्यावी. आडोसा आणि संडास नसल्याने आया-बहिणी पाणीच पीत नाहीत, हे आपण पुरुष मंडळींनी ध्यानात घ्यावे.

तात्पर्य एवढेच. पहिल्या दिवशी गावात गाड्यांची रांग लागते. दहाव्या दिवशी कोणी येत नाही, आणि रोगराई व उदासी तेव्हाच येते. सज्जनहो, वारी या शब्दाचा अर्थ काय? पुन्हा पुन्हा जाणे. एकदाच पंढरीला गेला त्याला आपण वारकरी म्हणत नाही. तसेच एकदा घोंगडी देऊन परतला त्याची सेवा पुरी झाली नाही. प्रत्येक दिंडीने आपल्या टापूतील एक गाव धरावे. पाणी ओसरताच जावे, आठव्या दिवशी जावे, महिन्याने जावे, पुढल्या पेरणीला जावे.

आम्ही त्या गावी पुढच्या एकादशीला पुन्हा गेलो. आड उपसून झाला होता. ती माळकरीण दारातच भेटली. नातू अंगणात पळत होता. तिने तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "घ्या म्हाराज, उकळल्यालं हाय. बिनघोर प्या."

ते तीर्थ आम्ही घेतले. आपणही घेण्यास जावे, एवढीच आपल्या चरणी विनंती. रामकृष्णहरि.