कोठाराची किल्ली



उपाशी माणसांच्या मुखी घास पडावा म्हणून दुसऱ्याचे कोठार उघडणे ही चोरी होय काय? प्रश्न जुना आहे आणि वरवर पाहता त्याचे उत्तर सोपे आहे. चोरीविषयीची आज्ञा आपण शब्बाथशाळेत पाठ केली आहे, आणि तिच्यापुढे कोणताही अपवाद लिहिलेला नाही. तथापि जीवनात असा एखादा प्रसंग उभा राहतो की, पाठ केलेली आज्ञा ओठांवर असते आणि अंतःकरण मात्र अस्वस्थ असते. अशा एका प्रसंगाचा विचार आपण आज करू या.

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये, पोलाद कारखान्याच्या वसाहतीत बसून मी हे लिहीत आहे. येथून पूर्वेस सुमारे तीस किलोमीटरवर रायपूर शहर आहे. त्या शहराच्या ऐन मध्यावर जयस्तंभ चौक लागतो. सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात देहदंड देण्यात आला. त्या घटनेचे स्थळ म्हणून हा चौक ओळखला जातो. भारत सरकारने १९८७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि रायपूरच्या क्रिकेट मैदानालाही त्यांचेच नाव आहे. आपणा मराठी वाचकांना मात्र हे नाव फारसे परिचयाचे नाही. वास्तविक हा सारा प्रदेश शतकाहून अधिक काळ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये पुत्राविना निवर्तले, डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, आणि छत्तीसगढचा कारभार रायपूरच्या डेप्युटी कमिशनरच्या हाती गेला.

या नव्या अमलाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८५६ साली पावसाने दगा दिला. सोनाखानच्या डोंगराळ मुलखात दुष्काळ पडला. नारायणसिंह हे बिंझवार या आदिवासी जमातीचे. त्यांची प्रजा कंदमुळांवर दिवस काढू लागली. जवळच्या कसडोल गावी माखन नावाच्या व्यापाऱ्याचे कोठार धान्याने भरलेले होते. नारायणसिंहांनी त्याच्याकडे धान्य उधार मागितले. नव्या पिकावर फेड करू, असे त्यांचे म्हणणे होते. व्यापाऱ्याने नकार दिला. तेव्हा त्यांनी कोठार उघडून धान्य उपाशी लोकांत वाटले. या प्रदेशात जी हकीकत परंपरेने सांगितली जाते, तिच्यातील पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गरजेपुरतेच धान्य त्यांनी घेतले, आणि आपण काय केले हे स्वतःच डेप्युटी कमिशनरला लेखी कळविले.

व्यापाऱ्याची फिर्यादही रायपुरास पोहोचली. सरकारने फिर्याद ऐकली, दुष्काळ ऐकला नाही. २४ ऑक्टोबर १८५६ रोजी नारायणसिंहांना संबळपुरात अटक झाली आणि त्यांची रवानगी रायपूरच्या तुरुंगात करण्यात आली. येथवर हा खटला धान्याचा होता. एका बाजूस व्यापाऱ्याची मालमत्ता, दुसऱ्या बाजूस लोकांची भूक, आणि मध्ये न्यायाधीश. कोणी विवेकी अधिकारी असता तर व्यापाऱ्याला भरपाई, लोकांना तगाई आणि जमीनदाराला समज, एवढ्यावर हे प्रकरण मिटू शकले असते.

पण पुढचे वर्ष १८५७ चे उजाडले. १० मे रोजी मेरठला शिपाई उठले, दुसऱ्या दिवशी दिल्ली पडली, जूनमध्ये कानपूर पेटले. छत्तीसगढात अद्याप शांतता होती. युद्ध शेजारी होते. परंतु शेजारच्या घरास आग लागली की आपल्या घरातील माणसांच्या नजराही बदलतात. जुलैअखेर हजारीबागचा तुरुंग फुटला आणि संबळपूरचे सुरेंद्र साय मोकळे झाले. २८ ऑगस्टला नारायणसिंह रायपूरच्या तुरुंगातून निसटले व सोनाखानला पोहोचून त्यांनी शस्त्रधारी माणसे जमविली. १८ सप्टेंबरला जबलपुरात गोंड राजा शंकर शाह व त्याचा पुत्र रघुनाथ शाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. डिसेंबरच्या आरंभी सोनाखानवर फौज चालून गेली, गाव जाळण्यात आले, नारायणसिंह पकडले गेले आणि थोड्याच दिवसांत सारे संपले. पुढील जानेवारीत रायपूरच्या पलटणीत हनुमानसिंहाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि सतरा जणांना फाशी देण्यात आली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. १८५६ मध्ये विचारण्याजोगा प्रश्न होता, ‘या माणसाने केले ते न्याय्य होते काय?’ १८५७ मध्ये तो प्रश्न कोणालाच ऐकू येईना. आता एकच प्रश्न उरला होता, ‘हा कोणाच्या बाजूचा?’ युद्धाचा हा मोठा नैतिक अपराध आहे. ते केवळ माणसे मारीत नाही, ते प्रश्नच बदलून टाकते. आणि हे एकाच पक्षाने केले असेही नाही. त्याच वर्षी ११ मे रोजी दिल्लीत डॉक्टर चिमनलाल मारले गेले. ते हिंदुस्थानी होते, रुग्णांची सेवा करणारे होते. परंतु त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला होता, आणि जमावाच्या लेखी एवढ्यानेच त्यांची बाजू ठरली. रायपूरच्या वधस्तंभापाशी आणि दिल्लीच्या रस्त्यावर एकच आंधळा न्याय चालला होता, हे आपण दोन्हीकडच्या मृतांविषयी आदर बाळगून मान्य केले पाहिजे.

म्हणून तो बुजलेला प्रश्न आपण पुन्हा उकरून काढू. व्यापाऱ्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. धान्य त्याच्या भांडवलाचे होते. आज एकाने गरजेपोटी कोठार उघडले तर उद्या दुसरा लोभापोटी उघडील, आणि गरज मोजणार कोण? शिवाय कोठारे सुरक्षित राहणार नसतील तर पुढच्या वर्षी या रानात धान्य आणण्याचे धाडस कोण करील? त्या काळचे इंग्रज अधिकारी अशाच युक्तिवादावर विसंबून होते. बाजारात हात घालू नये, बाजार आपोआप भूक भागवितो, असे ते मानीत. दहाच वर्षांनी, १८६६ मध्ये, शेजारच्या ओरिसात या विश्वासाची परीक्षा झाली. वेळेवर तांदूळ आणविला गेला नाही, आणि सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली.

पवित्र शास्त्र या प्रश्नाकडे कसे पाहते? अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी एक छोटासा नियम आहे. वाटसरूने शेजाऱ्याच्या शेतातून जाताना हाताने कणसे खुडावीत, पण विळा लावू नये. द्राक्षे पोटभर खावीत, पण पात्रात भरून नेऊ नयेत. किती सूक्ष्म विवेक हा! भुकेल्याच्या हाताला नियमशास्त्र मोकळीक देते आणि लोभाच्या विळ्याला अडवते. दावीद नोब येथे अहीमलेख याजकाकडे गेला तेव्हा त्याला समर्पित भाकरी मिळाली, आणि आपल्या प्रभूने त्या प्रसंगाचा दाखला दोष म्हणून नव्हे तर समर्थन म्हणून दिला. मात्र नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात, भुकेपोटी चोरी करणाऱ्याला लोक तुच्छ लेखीत नाहीत असे म्हटल्यावर लगेच, तो सापडला तर त्याने सातपट भरून द्यावे असेही सांगितले आहे. म्हणजे भूक दया मिळवते, पण हिशोब पुसून टाकीत नाही.

भाषांतराचे काम करणाऱ्याला कधी कधी एकच शब्द दिवसभर अडवून धरतो. नीतिसूत्रे ११:२६ मध्ये धान्य अडवून धरणाऱ्याला लोकांचा शाप आणि ते विकणाऱ्याच्या मस्तकी आशीर्वाद सांगितला आहे. यातील विकणाऱ्यासाठी मूळ इब्री शब्द ‘मश्बीर’ असा आहे. उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायात हाच शब्द योसेफासाठी येतो, कारण दुष्काळात मिसर देशाचे धान्य तोच लोकांना विकीत होता. ध्यानात घ्या, आशीर्वाद येथे फुकट वाटणाऱ्याला नव्हे, विकणाऱ्याला आहे. शास्त्र व्यापाराचा धिक्कार करीत नाही. बंद दाराचा करते. आणि त्याच धातूतील ‘शेवेर’ हा शब्द कोठे धान्य या अर्थी येतो, तर कोठे मोडतोड या अर्थी. मला वाटले, यात एक इशाराच आहे. मालकाने वेळीच दार उघडले तर ते धान्य, न उघडले तर ती मोडतोड.

मंडळीच्या पूर्वजांनीही हेच ओळखले होते. चौथ्या शतकात, ३६९ च्या सुमारास, कप्पदुकियात दुष्काळ पडला असता कैसरियाच्या बासिलाने श्रीमंतांची कोठारे आपल्या उपदेशाने उघडविली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने असे प्रतिपादिले की, गरज उघड व तातडीची असून दुसरा उपाय नसेल तर परक्याचे घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही. या कसोट्या नारायणसिंहांच्या कृत्यास लावून पाहा. गरज उघड होती, आधी मागून पाहिले होते, फेडीचे वचन होते, घेतले ते गरजेपुरते, आणि जे केले ते लपविले नाही. चोर अंधार शोधतो. या माणसाने कचेरीला पत्र धाडले. माझ्या मते कोठार उघडणे ही चोरी नव्हती. तुरुंगातून सुटल्यावर हाती घेतलेल्या शस्त्राचा विचार वेगळ्या तराजूने करावा लागेल. परंतु पहिल्या प्रश्नाला न्याय मिळाला असता तर दुसरा उद्भवला असता काय, हेही विचारले पाहिजे.

आणि म्हणून माझे खरे म्हणणे असे आहे. अशा प्रसंगी आपण सारे जण कोठार फोडणाऱ्याभोवती जमतो व त्याला प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न ज्याच्या हाती किल्ली होती त्याला विचारला पाहिजे. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात तसेच घडते. दुष्काळात शेते गहाण टाकून धान्य घेणाऱ्यांची ओरड ऐकताच नहेम्या सावकारांना सभेत बोलावतो. पण त्याआधी मनाशी विचार करतो, आणि आपण व आपले बांधवही पैसा व धान्य उसने देत आहोत हे सर्वांसमक्ष कबूल करतो. न्याय मागणाऱ्याने प्रथम स्वतःच्या कमरेची किल्ली चाचपून पाहिली.

मलाही ती चाचपावी लागली, आणि ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. आमच्या वस्तीशेजारच्या जी. ई. रोडने नागपूरकडून पायी येणाऱ्या मजुरांची रांग लागली होती. या पोलादनगरीतील एका मंडळीने मदतीसाठी तांदूळ जमविला होता, आणि खोलीची किल्ली माझ्यापाशी होती. धान्य सभासद कुटुंबांसाठी म्हणून जमविलेले; बाहेरच्यांना देण्यासाठी समितीचा ठराव हवा, आणि समिती भरू शकत नव्हती. मी नियमाकडे बोट दाखविले. दुसऱ्या रात्री मंडळीतील एका तरुणाने कुलूप तोडून सहा पोती नेली, रस्त्याच्या कडेला भात शिजविला, आणि सकाळी येऊन नवे कुलूप व पोत्यांचा हिशोब माझ्या हाती ठेवला. पुढे समिती भरली तेव्हा त्याला तरुणसंघाच्या कामातून दूर करण्याचा ठराव आला. मी विरोध केला नाही. हात वर करणाऱ्यांत माझाही हात होता.

त्यानंतर दोन वर्षांनी नीतिसूत्रांचा तो अकरावा अध्याय तपासणीसाठी माझ्या मेजावर आला. धान्य अडवून धरणाऱ्यासाठी जो इब्री शब्द आहे, ‘मोनेआ’, त्याला मी मराठीत किती तरी पर्याय लिहून पाहिले. प्रत्येक पर्यायात मला माझाच चेहरा दिसत होता.

राज्यव्यवस्थेने आपल्या परीने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळसंहिता आल्या. छत्तीसगढ राज्याने २०१२ मध्ये आणि संसदेने २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा केला. ज्या भूमीत धान्य वाटणाऱ्याला तुरुंगात टाकले, त्याच भूमीत धान्य मिळणे हा आज हक्क झाला आहे, याबद्दल देवाचे आभार मानू या. पण कायद्याच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही असा वाटसरू नेहमीच असतो, आणि तो आपल्याच दाराशी येतो.

गेल्या वर्षी मी त्या तरुणाला नागपुरात भेटलो. तो तेथे नोकरी करतो. मी क्षमा मागितली. त्याने चहा मागविला, घरच्यांची विचारपूस केली, आणि निघताना सहज म्हणाला, “काका, आता त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?”

मला उत्तर देता आले नाही. परतल्यावर मी समितीपुढे एक साधा ठराव मांडला: उपाशी माणूस दाराशी आला असता ज्याच्याकडे किल्ली असेल त्याने आधी दार उघडावे, आणि हिशोब नंतर सभेपुढे ठेवावा. तो संमत झाला. वाचकहो, आपल्याही मंडळीत, संस्थेत, घरात अशी एखादी खोली असेल. संकट दाराशी येण्यापूर्वी, बाजू विचारणारे दिवस येण्यापूर्वी, शांततेच्या काळातच हा प्रश्न आपल्या सभेत विचारून ठेवा.