नंतर शुद्ध करता येते, म्हणून आज मळवावे काय?

गेल्या रमजानमधील एका संध्याकाळची गोष्ट आहे. इफ्तार आणि मगरिबची नमाज आटोपून नमाजी आपापल्या घरी निघाले होते. मशिदीच्या अंगणात जेथे दस्तरखान अंथरला होता, तेथे पाण्याच्या लहान बाटल्या, चहाचे कागदी कप, खजुरांची पाकिटे आणि फळांच्या साली यांचा ढीग पडला होता. कित्येक बाटल्यांतील दोन घोटच पाणी प्यायले गेले होते. मशिदीची झाडलोट करणारे वयस्कर चाचा एकेक बाटली उपडी करून पोत्यात भरीत होते. इफ्तारची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणांना मी एवढेच म्हणालो की, हा इस्राफ आहे, उधळपट्टी आहे. त्यांच्यापैकी रसायनशास्त्राच्या पदवीचा अभ्यास करणारा एक मुलगा अदबीने म्हणाला, “मौलाना, पाणी वाया गेले हे कबूल. पण बाटलीचे काय? ती भंगारात जाईल, वितळेल, तिच्यापासून पुन्हा काहीतरी तयार होईल. जे नष्टच होत नाही, ते वाया गेले असे कसे म्हणावे?”

तरावीहची तयारी करायची होती, म्हणून “यावर सवडीने बोलू” असे सांगून मी विषय थांबविला. खरे कारण असे की, माझ्यापाशी उत्तर तयार नव्हते.

त्या मुलाच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे, तो प्रथम मान्य केला पाहिजे. रासायनिक क्रियेत पदार्थाचे रूप पालटते, परंतु त्याचे एकूण वस्तुमान घटत नाही की वाढत नाही, हे अठराव्या शतकात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने काटेकोर वजने करून दाखविले. अल्लाहच्या निर्मितीतही टाकाऊ असे काही दिसत नाही. झाडाचे पान गळते, कुजते, माती होते आणि त्याच मातीतून नवे पान उगवते. ‘घ्या, बनवा, वापरा, फेका’ ही सरळ रेषा मोडून वस्तूला पुन्हा पुन्हा उपयोगात आणणे, यालाच आज चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. या चक्राच्या मागे रसायनशास्त्र उभे आहे.

इस्लामी शिकवणुकीला हा विचार परका नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आला आहे. उम्मुल मोमिनीन मैमूना (र.) यांच्या मुक्त केलेल्या दासीला सदक्यात मिळालेली एक बकरी मरून पडली होती. प्रेषित मुहम्मद (स.) तेथून जात असता त्यांनी विचारले की, तिच्या कातड्याचा उपयोग का करून घेतला नाही? लोक म्हणाले की, ती तर मेलेली आहे. त्यावर त्यांनी खुलासा केला की, हराम आहे ते तिचे खाणे. दुसऱ्या एका रिवायतीत असे कातडे पाणी आणि करज यांनी पाक होते, असा उल्लेख आहे. करज म्हणजे आपल्याकडील बाभळीच्या जातीचे झाड. त्याचा पाला आणि शेंगा अरबस्तानात कातडी कमावण्यासाठी वापरीत. आपल्या गावांतूनही चर्मकारांनी पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या सालीनेच कातडी कमावली आहेत.

या क्रियेत काय घडते? ओल्या कातड्यात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. जिवाणू त्यांच्यावर पोसतात आणि कातडे सडू लागते. बाभळीत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये असतात. ती या धाग्यांना घट्ट धरून एकमेकांशी जखडतात, त्यामुळे जिवाणूंना ते धागे तोडता येत नाहीत. उद्या सडणार होते ते कातडे वर्षानुवर्षे पाण्याची मशक म्हणून वापरता येते. आज ज्याला आपण पुनर्वापराचे रसायन म्हणतो, त्याचाच हा जुना धडा होय.

येथून फिक्हच्या विद्वानांपुढे एक खोल प्रश्न उभा राहिला. पदार्थ पालटला, तर त्याचा भूतकाळ त्याला चिकटून राहतो काय? या विषयाला ‘इस्तिहाला’, म्हणजे मूळ स्वरूपाचे परिवर्तन, असे म्हणतात. मद्य आपोआप शिरका झाले तर तो शिरका पाक आहे, यावर हनफी आणि शाफई दोघांचेही एकमत आहे. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात. मिठाच्या खाणीत पडून मेलेले गाढव कालांतराने मीठच होऊन गेले, तर ते मीठ पाक मानावे, असे हनफी मसलकाचे स्वीकृत मत आहे, कारण गाढव आता उरलेच नाही. आपल्या कोकणातील बांधव ज्या मसलकाचे अनुसरण करतात, त्या शाफई मसलकाने ही सवलत मोजक्या बाबींपुरतीच ठेवली. मद्यात काही मिसळून मुद्दाम केलेला शिरका त्यांच्या मते पाक होत नाही. मतभेद असला, तरी वस्तूचे नवे रूप पाहून सरसकट निवाडा द्यायचा नाही, याविषयी दोन्हीकडे सारखीच दक्षता आहे.

हनफी विद्वानांनी तर आणखी एक सूक्ष्म भेद केला. गव्हाचे पीठ झाले, पिठाची भाकरी झाली, दुधाचे पनीर झाले, तर ते इस्तिहाला नव्हे. तेथे केवळ गुण बदलला, मूळ द्रव्य तेच राहिले. नापाक गहू दळल्याने पाक होत नाही.

आपली बाटली काही नापाक नाही, त्यामुळे तिच्या बाबतीत पाक-नापाकीचा प्रश्न नाही. मला घ्यायची आहे ती या विद्वानांची दृष्टी, कारण नेमका हाच भेद प्लास्टिकच्या पुनर्वापरात आढळतो. पाण्याची बाटली ‘पेट’ नावाच्या प्लास्टिकची असते. तिचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. भंगारातील बाटल्या सामान्यतः निवडून, धुऊन, तुकडे करून वितळवितात. हे गव्हाचे पीठ करण्यासारखे आहे. पदार्थ तोच राहतो. उलट उष्णता आणि ओलावा यांमुळे साखळ्या जागोजागी तुटतात, रंग पिवळसर होतो, बळ घटते. म्हणून अशा प्लास्टिकचा पुष्कळसा भाग पुन्हा बाटली न होता कापडाचा किंवा गालिच्याचा धागा होतो. तो धागा झिजला की, पुढची वाट बहुधा कचऱ्याच्या डोंगराकडेच जाते.

दुसरा मार्ग खऱ्या परिवर्तनाचा आहे. पाणी, मिथेनॉल किंवा ग्लायकॉल यांच्या साहाय्याने, योग्य उष्णता आणि उत्प्रेरक देऊन, साखळीची प्रत्येक कडी सोडविता येते. मग बाटली उरत नाही. जी लहान द्रव्ये जोडून ती बनली होती, ती द्रव्ये किंवा त्यांच्या अगदी जवळची रूपे हाती येतात. ती गाळून, ऊर्ध्वपातन करून, स्फटिक पाडून शुद्ध केली की त्यांपासून नव्यासारखे प्लास्टिक बनते. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी साकाई शहरात सापडलेल्या एका जिवाणूची माहिती प्रसिद्ध केली. आपल्या पाचक द्रव्यांनी तो हेच प्लास्टिक तोडून त्यावर जगतो. सांडपाण्याचेही असेच आहे. ते शुद्ध करून त्यातील घाणीचा रंग, चव आणि वास पूर्णपणे नाहीसा झाला, तर ते पाणी पाक मानता येते, असा निर्णय सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने १९७८ मध्ये दिला. ज्ञानाने केलेली शुद्धी धर्माने नाकारली नाही.

मग तो मुलगा बरोबर होता काय? येथेच थांबलो तर होय म्हणावे लागेल. परंतु त्याच्याच शास्त्राचा दुसरा अर्धा भाग शिल्लक आहे. पदार्थ नष्ट होत नाही हे खरे, पण तो विखुरतो, मिसळतो आणि त्याला पुन्हा गोळा करण्याची किंमत द्यावी लागते. मूठभर मीठ घागरीत टाकायला क्षण पुरतो. तेच मीठ परत मिळवायचे तर घागरभर पाणी आटवावे लागते आणि त्यासाठी सरपण जाळावे लागते. ॲल्युमिनियमचे भंगार वितळविण्यास खनिजापासून नवा धातू काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून तो सौदा उत्तम. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. वेफर्सच्या पाकिटात प्लास्टिक आणि धातू थरांवर थर चिकटविलेले असतात. त्यांना वेगळे करणे इतके जिकिरीचे आहे की, सहसा कोणी करीत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत जगात जमलेल्या सुमारे ६३० कोटी टन प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के कचऱ्याचा पुनर्वापर झाला होता. सुमारे १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के जमिनीत किंवा निसर्गात पडून राहिला. ‘होऊ शकते’ आणि ‘होते’ या दोन शब्दांमधील अंतर एवढे मोठे आहे.

तथापि माझे उत्तर या आकड्यांवर अवलंबून नाही. उद्या शंभर टक्के बाटल्यांचा पुनर्वापर होऊ लागला, तरी मूळ प्रश्न उरेलच. नंतर शुद्ध करता येते, म्हणून आज मळविण्याची मुभा मिळते काय?

सूरह यूसुफमध्ये यूसुफ (अ.) यांच्या भावांचा कट सांगितला आहे. त्यांना दूर करण्याचा बेत रचतानाच भावांनी हेही ठरवून टाकले होते की, यानंतर आपण भले होऊन राहू. तौबेची तारीख त्यांनी गुन्ह्याच्या आधीच मुक्रर केली होती! पुढे ते खरोखर लज्जित झाले आणि त्यांना क्षमाही मिळाली, परंतु ती त्या बेतामुळे नव्हे, तर पश्चात्तापामुळे. मधली वर्षे मात्र एका बापाने रडून काढली. तौबा हे घडून गेलेल्या चुकीसाठी उघडे ठेवलेले द्वार आहे. चूक करण्याचा तो परवाना नव्हे. पुनर्वापराचेही तसेच आहे. गरजेपोटी वापरलेल्या वस्तूचा तो सन्मान आहे. गरज नसताना घेतलेल्या वस्तूचे मात्र तो समर्थन होऊ शकत नाही.

म्हणूनच इस्राफाची मोजणी वस्तूच्या शेवटावरून नव्हे, तर तिच्या घेण्यावरून होते. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे दोन्ही हात जोडून केलेल्या काही ओंजळींत, वुजू करीत असत. त्या पाण्याचा थेंबही नष्ट होत नव्हता. तो वाळूत जिरे, हवेत विरे, पुन्हा पाऊस होई. जलचक्र तेव्हाही अखंड होते. तरीही काटकसर होतीच, कारण काटकसर केवळ पाणी वाचविण्यासाठी नसते. नेमत हाती घेणाऱ्या माणसाची वृत्ती ती घडविते.

कोणी विचारील की, कचरा कमी झाला तर भंगार वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय येणार नाही काय? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचकांचे काम म्हणजे श्रम आहे आणि त्या श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, ही तिची मागणी राहिली आहे. वेचणाऱ्याचे पोट वेगळ्या ठेवलेल्या स्वच्छ जिनसांवर भरते. उष्ट्या अन्नात लडबडलेल्या बाटलीने त्याचे हात तेवढे घाण होतात आणि भाव पडतो. आपण घाण करावी आणि तिला दुसऱ्याचा रोजगार म्हणावे, हा सदका नव्हे. प्रेषितांच्या (स.) मशिदीत झाडलोट करणारी एक स्त्री वारली, तेव्हा लोकांनी तिला क्षुल्लक समजून त्यांना न कळविताच तिचे दफन केले. हे समजताच त्यांनी तिची कबर विचारून घेतली आणि तेथे जाऊन नमाज अदा केली. चक्र फिरते ते कुणाच्या तरी हातांनी फिरते. त्या हातांचा आपल्यावर हक्क आहे आणि तो हुकूकुल इबादमध्ये मोडतो.

हे सर्व मी त्या मुलाला पुढच्या जुम्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आधी कमी घ्यायचे, घेतलेले पुन्हा वापरायचे, आणि उरलेच तर रसायनशास्त्राकडे जायचे.” इतक्या थोडक्यात मलाही सांगता आले नव्हते.

शेवटच्या अशऱ्यात मशिदीत लहान बाटल्या आल्या नाहीत. जमातखान्यातील स्टीलचे पेले काढले गेले आणि दोन मोठे माठ भरून ठेवले. पेले कोण धुणार, यावर थोडी कुरबुर झाली. पहिल्या दिवशी तो मुलगाच बाह्या सरसावून नळापाशी बसला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी दोघे होते. चाचांनी झाडू हाती घेतला, तेव्हा अंगणात खजुरांच्या बियाच तेवढ्या उरल्या होत्या.

अल्लाह आपल्याला त्याच्या नेमतींची कदर करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.