दान खाणाऱ्याला, दाम पिकवणाऱ्याला

अन्नदानासारखे पुण्य नाही, ही आपली जुनी श्रद्धा कोरोनाच्या काळात खरोखर कृतीत उतरली. एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले, गावोगावी शिधा वाटला गेला. त्याच दिवसांत रावेर-यावलच्या बागांतले कापणीला आलेले केळीचे घड व्यापारी आणि ट्रकअभावी मातीमोल झाले. खरेदी केंद्रे बंद पडल्याने जळगाव-धुळ्यातल्या कित्येक घरांत कापूस पडून राहिला. कागदावर शेतीला टाळेबंदीतून सूट होती, पण माल उचलणारा नव्हता. रेशनचा गहू-तांदूळ आला तरी तेल, भाजी, दूध, औषध रोख पैशावरच येते, आणि तो पैसा कापसात अडकलेला. मग भुकेल्याला घास देणे हा धर्म असेल, तर पिकवणाऱ्याला दाम देणे धर्माबाहेर कसे?

कोणी म्हणेल, नगदी पिकांमागे लागून ज्वारी-बाजरी सोडली, त्याचे हे फळ. घरात दादर ज्वारी असली की धीर राहतो, हे खरेच. पण १९१८ साल आठवावे. तेव्हा खानदेशात धान्य आजच्याहून अधिक घरचेच असे. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएन्झाने ऐन कामाच्या वयातली माणसे नेली. ना कणगीत दाणा, ना शेतात हात. साथीच्या काळात एकट्या घराचे स्वावलंबन पुरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: दान निष्काम असते, दाम हा व्यवहार, त्यांची सरमिसळ करू नये. पण अन्नाला ब्रह्म मानणारी तैत्तिरीय उपनिषदातली भृगुवल्ली अन्न वाढवणे हेही व्रतच सांगते. हे व्रत आपल्या सर्वांच्या वतीने शेतकरी पाळतो. त्याला तोट्यात सोडणारा समाज ते व्रत मोडतो. खानदेशातल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांची घागर पुजली जाते आणि सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या करारावरच्या शेतगड्याचे, सालही त्याच सणाला ठरते. पूजा आणि मोबदला एकाच दिवशी मांडणाऱ्या या लोकरीतीला त्यात विटाळ वाटला नाही. २०२० ची आखाजी, २६ एप्रिलची, टाळेबंदीतच गेली.

पुढच्या साथीत खरेदी केंद्रे आणि मालवाहतूक दवाखान्यांइतकीच चालू राहिली पाहिजेत. आणि अन्नछत्र चालवणाऱ्यांना विनंती आहे: धान्य, केळी जवळच्या शेतकऱ्याकडून रास्त भावाने, रोखीने विकत घ्या आणि मग वाटा.