समदृष्टीची कसोटी



वयाने आणि अधिकारानेही आम्ही आपणा सर्वांहून लहान आहोत. तथापि पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे देवळाच्या उंबऱ्याचे दोन्ही बाजूंचे दर्शन आम्हांस लहानपणापासून घडले. त्या आधारावर चार शब्द सादर करण्याचे धाडस करीत आहोत. गोड मानून घ्यावे.

भगवंतांनी गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाचे एक लक्षण सांगितले आहे. विद्वान आणि विनयशील ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि ज्याला समाजाने सर्वांत खालच्या पायरीवर बसविले तो मनुष्य, या सर्वांच्या ठायी जो सारखेच पाहतो तो पंडित. हा श्लोक आपल्यापैकी बहुतेकांस मुखोद्गत आहे. परंतु समदृष्टी ही पाठांतराची वस्तू नव्हे. तिची कसोटी गाभाऱ्यात क्वचितच लागते. गाभाऱ्यात आपण सर्वजण डोळे मिटून उभे असतो. डोळे उघडून जेथे माणसाकडे पाहावे लागते, अशा कचेरीत, कारखान्यात, भाड्याच्या खोलीच्या दारात आणि जेवणाच्या पंक्तीत ती कसोटी लागते.

याचे एक उदाहरण आपल्या बडोदे शहरातच घडलेले आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे सुपुत्र. १८७५ साली ते या गादीवर आले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केले. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, आणि १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१३ साली याच दरबाराने भीमराव आंबेडकर या तरुणास शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात धाडले. शिक्षण संपल्यावर संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. त्यानुसार १९१७ साली ते बडोद्यास आले. राजाची कृपा होती, हाती नेमणूक होती, विद्या तर अशी होती की त्या काळी संस्थानात त्यांच्या तोडीचे शिकलेले फार थोडे असतील.

नव्हती ती एक खोली. हिंदूंच्या खाणावळीत व वसतिगृहात जागा मिळेना. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि तेही वहीत पारशी नाव लिहून. तुटक्या बाकांनी आणि मोडक्या खुर्च्यांनी भरलेले ते दालन, रात्रीचा एक मिणमिणता कंदील आणि वटवाघळांची फडफड, असे वर्णन त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. कचेरीत शिपाई कागदांचे गठ्ठे त्यांच्या टेबलावर लांबून टाकीत आणि पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत होई, असे चरित्रकार लिहितात. सरकारी निवासस्थानासाठी त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेत आला, आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद देऊन गेला.

आंबेडकरांनी मग आपल्या दोन स्नेह्यांना विचारले. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. हिंदू स्नेही म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेह्याने पत्नीच्या संमतीचे कारण पुढे केले. तेव्हा तो उच्चविद्याविभूषित अधिकारी कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. त्या बागेत जेथे ते बसले होते, ते स्थळ आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते.

बंधु-भगिनींनो, या कथेत काठ्या घेऊन आलेली माणसे सहज डोळ्यांत भरतात. परंतु आमच्या अल्पमतीस त्यांच्याहूनही विचार करावयास लावतात ते हे दोन स्नेही. ते दुष्ट नव्हते. त्यांना पाहुण्याची योग्यता ठाऊक होती. आपल्या मनात भेद आहे, असे त्यांच्यापैकी कोणीच म्हणाले नाही. एकाने नोकरांकडे बोट दाखविले, दुसऱ्याने पत्नीकडे. भेदभावाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत सभ्य युक्ती आहे. आमची हरकत नाही हो, पण लोकांना चालणार नाही! हे लोक म्हणजे कोण, असा प्रश्न केला तर प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो, आणि अशा रीतीने कोणाचीच हरकत नसताना एक मनुष्य बागेत बसून राहतो.

दुसरी गोष्ट अशी की राजाज्ञेने दार उघडते, पण ओसरीवर सतरंजी घालण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, पद दिले. लोट्यात पाणी देणारा हात मात्र महाराजांचा असू शकत नव्हता. तो शेजारच्या टेबलावरील कारकुनाचा असावयास हवा होता.

आपल्या संतपरंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. शांतिब्रह्म एकनाथांनी श्राद्धाचे अन्न भुकेलेल्या अंत्यजांना वाढले, ही कथा आपण सर्वजण आदराने ऐकतो. संत चोखोबांची कथा ऐकताना मात्र मान खाली जाते. ज्याची भक्ती सर्व संतांनी वाखाणली, तो चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर राबताना भिंत कोसळून दगावला. परंपरा हे साल १३३८ सांगते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरीस आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांना समाधी दिली. नामदेवांच्या अंतःकरणाची थोरवी यात खचित आहे. परंतु समाधी महाद्वारापाशीच झाली, आत नाही, हेही खरे. त्या महाद्वारातून चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरी प्राणांतिक उपोषण करावे लागले. त्यानंतर ते दार सर्वांस खुले झाले. १३३८ ते १९४७, म्हणजे सहाशे नऊ वर्षे! एवढा काळ आपण चोखोबांचे अभंग आत गात होतो आणि चोखोबांची मुलेबाळे बाहेर उभी होती.

पुढे २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने सतराव्या अनुच्छेदान्वये अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण हा दंडनीय अपराध ठरविला. दार उघडण्याचे काम कायद्याने केले. आता उरले आहे ते ओसरीचे काम, आणि ते आपले आहे.

आपल्यापैकी अनेकजण कारखान्यांत, बँकांत, शाळांत आणि कचेऱ्यांत नोकरीस आहेत. नवा सहकारी रुजू झाला की त्याचे आडनाव विचारून मनातल्या मनात त्याचा कप्पा ठरविण्याची सवय अजून गेलेली नाही. डबा उघडताना तो कोणाजवळ बसतो, चहाचा पेला त्याला कोणता मिळतो, त्याने केलेले काम कोणाच्या नावावर जमा होते, भगिनी सहकारी बोलू लागली म्हणजे तिचे वाक्य पुरे होऊ दिले जाते की नाही, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. परंतु १९१७ सालचा तो पाण्याचा प्रश्नही क्षुल्लकच दिसत असेल. आपला स्वतःचा इतिहासही आठवावा. आपले पूर्वज मराठी मुलूख सोडून या गुजरातच्या भूमीत आले आणि येथल्या समाजाने त्यांना सामावून घेतले. ज्याला आसरा मिळाला, त्याने आसरा देण्यात हात आखडता घेऊ नये.

देवळापुरते बोलावयाचे तर चार गोष्टी विनयपूर्वक सुचवितो. महाप्रसादाची पंक्त एकच असावी, आणि अंगण झाडणारे, वाजंत्री वाजविणारे, फुलांच्या पुड्या बांधणारे यांना मागाहून डबे भरून न देता त्याच पंक्तीत पान मांडावे. सभागृह कार्यासाठी देताना आडनाव पाहू नये, नियम सर्वांस एकच असावा. पायऱ्यांच्या कडेला उतरण आणि हाताला धरावयास कठडा करावा. पाय अधू असलेल्या भक्ताने रस्त्यावरून कळसाला हात जोडून परत जावे, हे आपणांस शोभत नाही. चौथी गोष्ट अशी की ज्यांच्यासाठी आपण हे करू पाहतो, त्यांच्यापैकी कोणी समितीच्या बैठकीत बसावे. त्यांना काय हवे ते आपण ठरविण्यापेक्षा त्यांनीच सांगावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला सोवळ्याचा. पुजाऱ्याचा मुलगा या नात्याने आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की सोवळे हे पूजा करणाराने स्वतःवर घातलेले बंधन आहे. स्नान, धूतवस्त्र, उपवास, मौन, हे सर्व त्याने पाळावयाचे असते. स्वतःवरील बंधनाची दुसऱ्यावर बंदी झाली की ते सोवळे राहत नाही, अहंकार होतो. दुसरा आक्षेप असा की जुने सभासद दुरावतील. हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा कृपया त्या स्नेह्याचे शब्द स्मरावेत. तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला होता. जुन्या सभासदांविषयी आमचा अनुभव तरी निराळा आहे. ज्यांच्या नावावर आपण भीती घालतो, त्या वृद्ध मंडळींना जवळ बसून विचारले तर पुष्कळदा पहिले पान तेच मांडू लागतात. विचारण्याचे कष्ट मात्र कोणीतरी घेतले पाहिजेत.

येत्या उत्सवात आपल्या शेजारी जो बसेल त्याला पाणी वाढताना हात लांबून नव्हे तर जवळून जावा, आणि त्या पाण्यात आपणां सर्वांस एकाच परमेश्वराचे प्रतिबिंब दिसावे, एवढीच श्रीचरणी प्रार्थना करून हे बोलणे पुरे करतो.

॥ शुभं भवतु ॥